इटालियन वीरकाव्याच्या जुन्या छापील आवृत्तीचा माग कसा काढावा

छापण्याची कला १४६५ च्या सुमारास रोमजवळच्या सुबियाको येथील मठात येऊन पोहोचली, तेव्हा शार्लमेन बादशहा, त्याचा भाचा ऑर्लांदो आणि बंडखोर रिनाल्दो यांच्या कथा इटलीतल्या चौकाचौकांत पिढ्यान्‌पिढ्या गाइल्या जात होत्या. गाणारे त्या आठ ओळींच्या कडव्यांत गात. पहिल्या सहा ओळींत दोन यमके आलटूनपालटून येत आणि शेवटच्या दोन ओळींना तिसरे यमक असे. या छंदाला ओत्ताव्हा रीमा म्हणतात. छापखाना आल्यावर याच कथा कागदावर उतरल्या, फेरीवाल्यांच्या झोळीतून जत्रांत विकल्या गेल्या आणि वाचून वाचून फाटल्या. अशा एखाद्या पुस्तकाची छायाचित्रे आज संगणकावर सहज पाहता येतात. मात्र समोर आहे ती कोणती आवृत्ती, ती केव्हा आणि कुठे छापली गेली, तिच्याआधी किती आवृत्त्या होऊन गेल्या, हे ठरवायला एक पद्धत लागते. ती पद्धत पुढे क्रमाने सांगितली आहे. उदाहरणे मुख्यतः तीन काव्यांची घेतली आहेत: लुइजी पुल्चीचे ‘मोर्गांते’, मात्तेओ मारिया बोइयार्दोचे ‘ऑर्लांदो इन्नामोरातो’ आणि लुदोविको आरिओस्तोचे ‘ऑर्लांदो फुरिओसो’.

काव्याचे वय आणि पुस्तकाचे वय वेगळे धरावे

सर्वांत पहिले काम वहीत दोन रकाने आखण्याचे आहे. एका रकान्यात काव्य केव्हा रचले, ऐकवले किंवा हस्तलिखितात फिरले याच्या नोंदी कराव्यात आणि दुसऱ्यात फक्त छपाईच्या. हे दोन रकाने मिसळले की पुढचा सगळा हिशेब चुकतो. आरिओस्तोचे काव्य पहिल्यांदा छापले गेले १५१६ मध्ये, पण १५०७ च्या फेब्रुवारीतच त्याने मांतुआची मार्किसा इझाबेल्ला देस्ते हिला, ती बाळंतिणीच्या खोलीत असताना, त्यातला भाग ऐकवला होता. तिने आपल्या भावाला लिहिलेल्या आभाराच्या पत्रातून हे आपल्याला कळते. म्हणजे छापील पुस्तक वाचकाच्या हाती येण्याच्या नऊ वर्षे आधी काव्य दरबारात पोहोचलेले होते.

ही इझाबेल्ला आपल्या कामाला आणखी एका कारणाने उपयोगी पडते. १४९१ मध्ये तिने व्हेनिसमधल्या आपल्या प्रतिनिधीला कळवले, की तिथल्या सर्व पुस्तकांच्या दुकानांत फिरून लढायांच्या, इतिहासाच्या आणि कथांच्या जेवढ्या लोकभाषेतल्या पुस्तकांचा पत्ता लागेल तेवढ्यांची यादी करून पाठवावी, आणि त्यातही फ्रान्सच्या पॅलॅडिन सरदारांची पुस्तके आवर्जून पाहावीत. एका राजघराण्यातली स्त्री दुकानांतला माल विचारते आहे, ही गोष्ट लक्षात ठेवावी. वीरकाव्याची पुस्तके चौकातल्या श्रोत्यांसाठीच होती, हा समज या एका पत्राने सैल होतो. अशी पत्रे, हिशेबवह्या, करारपत्रे आणि मृत्युपत्रांसोबतच्या मालमत्तेच्या याद्या हा दुसरा पुरावा पुस्तकाइतकाच महत्त्वाचा असतो. किंबहुना पुस्तकच नाहीसे झाले असेल, तर तेवढाच पुरावा उरतो.

छपाईच्या रकान्यात सुरुवातीच्या नोंदी कशा दिसतील, याची कल्पना यावी म्हणून थोडी नावे देतो. आंद्रेआ दा बार्बेरिनोची ‘ग्वेरिन मेस्कीनो’ ही गद्य कथा १४७३ मध्ये पादुआला छापली गेली. ‘आल्तोबेल्लो’ १४७६ मध्ये व्हेनिसला आणि ‘बुओव्हो दान्तोना’ १४८० मध्ये बोलोन्याला निघाले. यातल्या बुओव्होची कथा तर इतकी फिरली, की एलिया लेव्हिता या ज्यू पंडिताने तिचे यिद्दिश भाषेत, त्याच आठ ओळींच्या छंदात रूपांतर केले आणि ते १५४१ मध्ये जर्मनीतल्या इस्नी गावी छापले गेले. पुल्ची, बोइयार्दो आणि आरिओस्तो याच बाजारात उतरले. त्यांची पुस्तके याच फळीवर, याच आकारात, याच ग्राहकांपुढे मांडली गेली.

पुष्पिका वाचावी आणि तारखेवर एकदम विश्वास ठेवू नये

पहिल्या पिढीतल्या पुस्तकांना आजच्यासारखे मुखपृष्ठ बहुधा नसते. छापणाऱ्याचे नाव, गाव आणि दिवस हे सगळे शेवटच्या पानावर, आपल्या पोथ्यांत पुष्पिका असते तसे, चार ओळींत दिलेले असते. म्हणून पुस्तक पाहायला शेवटापासून सुरुवात करावी. शेवटचे पान फाटलेले असेल, आणि ते फार वेळा असते, तर तारीख अनुमानाने ठरवावी लागते. सूचीकार अशी अनुमानित माहिती चौकोनी कंसात टाकतात. सूचीतला कंसातला शब्द आणि कंसाबाहेरचा शब्द यांचे वजन वेगळे असते, आणि उतरवून घेताना हे कंस गाळले की अनुमानाचे विनाकारण सत्य होऊन बसते.

तारीख स्पष्ट छापलेली असली तरी ती आपल्या पंचांगातली नसते. फ्लोरेन्समध्ये वर्ष बदलत असे २५ मार्चला. व्हेनिसच्या सरकारी रिवाजात वर्ष १ मार्चला सुरू होई. ‘मोर्गांते’च्या बाबतीत हे दोन्ही सापळे एकाच जागी भेटतात. त्याची तेवीस सर्गांची एक आवृत्ती व्हेनिसला लुका दि दोमेनिकोने छापली आणि तिच्यावर २६ फेब्रुवारी १४८१ अशी तारीख आहे. आपल्या मोजणीने ते वर्ष १४८२ होते. अठ्ठावीस सर्गांची वाढवलेली आवृत्ती फ्लोरेन्सला फ्रान्चेस्को दि दीनोने छापली. तिच्यावर ७ फेब्रुवारी १४८२ आहे आणि आपल्या मोजणीने ते १४८३ भरते. जानेवारी, फेब्रुवारी किंवा मार्चचा पहिला भाग दिसला की पेन थांबवावे, गावाचे नाव पाहावे आणि वहीत दोन्ही वर्षे लिहावीत: छापलेले वर्ष आधी, आपले वर्ष पुढे. यात एक अडचण राहतेच. व्हेनिसमधले सगळे छापणारे सरकारी रिवाज पाळत नसत, काही जण १ जानेवारीपासूनच वर्ष मोजत. तेव्हा त्याच छापखान्याची आधीची आणि नंतरची पुस्तके पाहून तो कोणता रिवाज पाळत होता, हे ताडावे लागते.

सोळाव्या शतकाच्या मध्याला आणखी एक गोष्ट आढळते. व्हेनिसचा मोठा प्रकाशक गाब्रिएले जोलितो याने १५४२ पासून ‘फुरिओसो’च्या आवृत्त्या पुन्हापुन्हा काढल्या. अशा पुस्तकांत मुखपृष्ठावर एक वर्ष आणि शेवटच्या पानावर दुसरे वर्ष असणे नवलाचे नाही. दोन्ही उतरवून घ्यावीत.

‘मोर्गांते’संबंधी आणखी एक साधन आहे, आणि ज्याला छपाईच्या धंद्यात रस आहे त्याने ते जरूर पाहावे. फ्लोरेन्समध्ये सान याकोपो दि रिपोली हा जोगिणींचा मठ होता. १४७६ ते १४८४ या काळात तिथे छापखाना चालला आणि मठातल्या जोगिणी स्वतः खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, जुळवीत. या छापखान्याची रोजकीर्द आजही शिल्लक आहे. कागद किती घेतला, शाई आणि धातू किती आणला, कोणाला किती प्रती उधार दिल्या, हे सगळे त्यात आहे. छोटी काव्ये आणि प्रार्थना घाऊक घेऊन जाणाऱ्या फेरीवाल्यांच्या आणि चौकातल्या गायकांच्या नोंदीही त्यात आहेत. ‘मोर्गांते’ या छापखान्यातही छापले गेले. वीरकाव्य वाचकापर्यंत नेमके कसे पोहोचत होते, हे त्या नोंदींइतके जवळून दाखवणारा पुरावा त्या काळातून फारच थोडा उरला आहे.

कागद, घडी आणि फर्मे: मोजणी करून पाहावी

आता पुस्तक हातात घ्यावे. ते ग्रंथालयात प्रत्यक्ष समोर असेल तर उत्तम, नसेल तर चांगली छायाचित्रे चालतात. त्या काळचा कागद हातकागद होता. उजेडासमोर धरला की त्यात अंतराअंतरावर जाड तारांच्या रेषा दिसतात आणि कुठेतरी गिरणीचे जलचिन्ह दिसते. ताव एकदा दुमडला असेल तर रेषा पानावर उभ्या येतात आणि जलचिन्ह पानाच्या मध्यावर येते. दोनदा दुमडून चार पाने केली असतील तर रेषा आडव्या होतात आणि जलचिन्ह शिवणीच्या घडीत अर्धे अर्धे सापडते. इटालियन वीरकाव्यांचा नेहमीचा आकार हाच, चारपानी घडीचा. पुस्तकाची उंची मोजून घडी ठरवू नये, कारण बांधणीच्या वेळी कडा कापल्या जातात. रेषा मात्र कापल्या जात नाहीत.

त्यानंतर पानाची मांडणी पाहावी. ठराविक पृष्ठ असे असते: दोन रकाने, प्रत्येक रकान्यात पाच कडवी, म्हणजे चाळीस ओळी. पृष्ठावर दहा कडवी बसतात, पानाच्या दोन्ही बाजू मिळून वीस. फर्मा बहुतेक वेळा दोन ताव एकात एक घालून आठ पानांचा केलेला असतो, म्हणजे एका फर्म्यात एकशे साठ कडवी. ही संख्या एकदा डोक्यात बसली की पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. छापणाऱ्याने कागदाचा हिशेब कसा केला असेल, एखाद्या प्रतीतले पान कुठे गळाले असेल, काव्याचा एखादा भाग आधीच्या आवृत्तीत होता की नव्हता, हे सगळे या आकड्यावरून तपासता येते.

१५३२ ची ‘ऑर्लांदो फुरिओसो’ हे या मोजणीचे उत्तम उदाहरण आहे, म्हणून तिथे थोडा वेळ थांबू. ही आवृत्ती फेर्राराला फ्रान्चेस्को रोस्सो दा व्हालेन्साने छापली आणि शेवटी १ ऑक्टोबर १५३२ अशी तारीख दिली. काव्यात सेहेचाळीस सर्ग आणि ४,८४२ कडवी आहेत. पानाला वीस या दराने ती २४२ पानांच्या किंचित वर जातात. त्यात मुखपृष्ठ, सर्गांची सुरुवात आणि शेवट यांना लागणारी जागा मिळवली की पुस्तकाची प्रत्यक्ष पाने भरतात: २४८. आता फर्म्यांच्या खुणा पाहाव्यात. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या काही पानांखाली एक अक्षर आणि आकडा छापलेला असतो, बांधणाऱ्याला क्रम कळावा म्हणून. त्या काळच्या छापणाऱ्यांच्या वर्णमालेत तेवीस अक्षरे असत. मोठ्या अक्षरांची एक पूर्ण फेरी म्हणजे तेवीस फर्मे, आणि त्यापुढे लहान अक्षरांचे आठ, मिळून एकतीस फर्मे. एकतीस गुणिले आठ बरोबर २४८. कडव्यांची मोजणी आणि फर्म्यांची मोजणी अशी एकमेकींना जुळली, की आपल्यासमोरची प्रत पूर्ण आहे असे निःशंकपणे लिहिता येते.

याच हिशेबाने किती प्रती निघाल्या असतील, याचाही अंदाज बांधता येतो. या आवृत्तीसाठी आरिओस्तोने गार्दा सरोवराकाठच्या सालो गावाहून चारशे रीम कागद मागवला आणि तो मांतुआच्या हद्दीतून जकातीशिवाय जाऊ द्यावा, अशी विनंती तिथल्या ड्यूकला केली. रीमला पाचशे ताव धरले तर दोन लाख ताव होतात. एका प्रतीला एकतीस फर्मे, प्रत्येकी दोन ताव, म्हणजे बासष्ट ताव लागतात. भागाकार केला की ३,२०० च्या थोडे वर उत्तर येते. छपाईत काही ताव वाया जातात आणि मागवलेला सगळा कागद याच कामाला लागला असेल असे नाही, म्हणून हा आकडा वरची मर्यादा समजावा. तरीही तीन हजारांच्या आसपास प्रती काढण्याची तयारी होती, एवढे त्यातून दिसते, आणि कागद कवीने स्वतः मिळवला ही गोष्टही. या छपाईत आरिओस्तो केवळ लेखक नव्हता, पैसा आणि जोखीम त्याचीही होती.

एक प्रत पाहून आवृत्तीबद्दल बोलू नये

हातछपाईत ताव छापत असतानाच चुका दुरुस्त होत. यंत्र थांबवायचे, चुकीचा खिळा काढून बरोबर खिळा बसवायचा आणि पुढे चालू करायचे. आधी निघालेले ताव फेकून दिले जात नसत, कारण कागद महाग होता. ते दुरुस्त तावांबरोबरच गड्ड्यात जात आणि बांधताना कोणत्या प्रतीत कोणता ताव जाईल, याचा नेम नसे. परिणामी एकाच आवृत्तीच्या दोन प्रतींत शब्द वेगळे सापडतात. आरिओस्तो तर छपाई चालू असताना छापखान्यात काव्य सुधारत होता. ग्रंथाभ्यासक कॉनर फेही यांनी १५३२ च्या उपलब्ध प्रती एकमेकींशी ताडून पाहिल्या, तेव्हा अशा बदलांशिवाय आणखी एक गोष्ट उघड झाली. पहिल्या फर्म्याचा आतला ताव, म्हणजे तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतची पाने, पुन्हा जुळवून नव्याने छापला गेला होता. काही प्रतींत जुना ताव आहे, काहींत नवा.

म्हणून हे पडताळण्याची रीत सांगतो. दोन प्रतींची एकाच पृष्ठाची छायाचित्रे शेजारी शेजारी लावावीत. शब्द लगेच वाचू नयेत. आधी प्रत्येक रकान्याच्या उजव्या कडेकडे पाहावे: ओळ कुठे संपते, स्वल्पविराम अक्षराला चिकटून आहे की सुटून, एखादे तुटके अक्षर दोन्हीकडे त्याच जागी आहे का. कडा हुबेहूब जुळल्या तर जुळणी तीच आहे आणि मधले फरक हे दुरुस्तीचे आहेत. कडाच वेगळ्या पडल्या तर तो मजकूर नव्याने जुळवलेला आहे, मग शब्द अक्षरशः तेच का असेनात. शब्द वाचण्याचे काम त्यानंतरचे. मी स्वतः हे काम एका वेळी चार पृष्ठांपेक्षा जास्त करत नाही, कारण डोळा थकला की तो जे अपेक्षित असते तेच पाहू लागतो.

एवढी काळजी घेऊनही आरिओस्तोचे समाधान झाले नाही. त्याचा भाऊ गालास्सो याने कवीच्या निधनानंतर भाषापंडित पिएत्रो बेम्बोला लिहिले, की या शेवटच्या छपाईत आपली सेवा नीट झाली नाही, छापणाऱ्याने आपला घात केला, असे आरिओस्तोला वाटत होते आणि पुन्हा छापून घेण्याचा त्याचा विचार होता. ६ जुलै १५३३ ला तो गेला आणि ते राहून गेले.

पाठ ताडून आवृत्ती ओळखावी

पुष्पिका नसलेले, पाने गळालेले पुस्तक हाती आले तर पाठावरून ओळख पटवावी. ‘फुरिओसो’च्या कवीच्या हयातीत त्याच्या देखरेखीखाली तीन आवृत्त्या निघाल्या आणि तिन्ही फेर्रारातच: २२ एप्रिल १५१६ ला जोव्हान्नी माझ्झोक्कोची, १३ फेब्रुवारी १५२१ ला जोव्हान्नी बात्तिस्ता दा ला पिन्याची आणि वर सांगितलेली १५३२ ची. पहिल्या दोहोंत चाळीस सर्ग आहेत. ऑलिम्पियाची कथा, मार्गानोर्रेची कथा, रुज्जिएरो आणि लेओने यांचा प्रसंग असे भाग तिसऱ्या आवृत्तीत आले. यांपैकी एखादा भाग फाटक्या प्रतीत दिसला, तर ती १५३२ ची किंवा तिच्यावरून छापलेली एखादी नंतरची आवृत्ती आहे.

याहून जवळची खूण काव्याच्या पहिल्याच ओळीत आहे. १५१६ ची सुरुवात होते, ‘दी दोन्ने ए काव्हाल्लिएर ली आन्तीक्वी आमोरी’, म्हणजे स्त्रिया आणि शिलेदार यांची जुनी प्रेमे. १५३२ मध्ये तीच ओळ झाली, ‘ले दोन्ने, ई काव्हाल्लिएर, लार्मे, ल्यी आमोरी’: स्त्रिया, शिलेदार, शस्त्रे, प्रेमे. ‘जुनी’ हे विशेषण गेले, शस्त्रे आली आणि सारी ओळ चार नामांवर उभी राहिली. शस्त्र या शब्दाने लॅटिन महाकवी व्हर्जिलच्या महाकाव्याच्या आरंभाची आठवण इटालियन वाचकाला होते. दोन्हींच्या मध्ये १५२५ मध्ये बेम्बोचा इटालियन भाषेवरचा ग्रंथ छापला गेला होता आणि आरिओस्तोने आपली फेर्राराकडची बोली बेम्बोने घालून दिलेल्या तोस्काना, म्हणजे फ्लोरेन्सच्या प्रांतातल्या, वळणाकडे झुकवत नेली. तेव्हा पाठ ताडताना उपपदे आणि क्रियापदांची रूपे यांकडे लक्ष द्यावे. कथा बदलली नसेल तिथेही भाषेवरून आवृत्ती कळते. सगळ्या ओळी ताडण्याची गरज नसते, पहिल्या सर्गातली दहा कडवी आणि मधल्या एका सर्गातली दहा एवढी पुरतात. १५२१ आणि १५३२ यांच्या दरम्यान इतर छापणाऱ्यांनी कवीला न विचारता बऱ्याच आवृत्त्या काढल्या होत्या. त्या अर्थातच आधीच्या पाठावरून निघाल्या. त्यामुळे वर्ष नवे आणि पाठ जुना, असे दिसले तर गोंधळून जाऊ नये.

बोइयार्दोच्या काव्याच्या बाबतीत याच गोष्टीचे रूप अधिक दुःखद आहे. त्याची बोली एमिलिया प्रांताची होती आणि सोळाव्या शतकातल्या शिष्ट वाचकांना ती ओबडधोबड वाटू लागली. फ्रान्चेस्को बेर्नीने ते सगळे काव्य तोस्काना भाषेत पुन्हा लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर १५४१ मध्ये व्हेनिसला छापले गेले. १५४५ मध्ये लोदोविको दोमेनिकीने सुधारलेले दुसरे रूप आले. पुढे जवळजवळ तीन शतके लोक ‘ऑर्लांदो इन्नामोरातो’ म्हणून वाचत होते ती ही नवी रूपे. मूळ पाठ पुन्हा वाचकांपुढे ठेवला तो १८३० पासून लंडनमध्ये आन्तोनियो पानित्सी यांनी. पुढे ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाचे प्रमुख झाले ते हेच पानित्सी, आणि तेही एमिलियाचेच. सूचीत फक्त बोइयार्दोचे नाव पाहून थांबणाऱ्याच्या हाती बेर्नीचा पाठ पडण्याची शक्यता मोठी असते, म्हणून मुखपृष्ठावरचा ‘नव्याने रचलेला’ अशा अर्थाचा शब्द शोधावा.

जे हरवले त्याचीही नोंद ठेवावी

हे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते आणि नवखा अभ्यासक नेमके हेच टाळतो. सूचीत सापडलेली सर्वांत जुनी प्रत म्हणजे पहिली आवृत्ती, असे तो समजतो. बोइयार्दोच्या काव्याच्या पहिल्या दोन खंडांची पहिली आवृत्ती १४८२–८३ च्या सुमारास निघाली. ती कागदपत्रांवरून कळते, तिची एकही प्रत उरलेली नाही. त्यानंतरची आवृत्ती व्हेनिसला पिएरो दे पियासीने १४८७ मध्ये छापली. तिची एकच प्रत उरली आहे आणि ती व्हेनिसच्या मार्चाना ग्रंथालयात आहे. कवी १४९४ च्या अखेरीस वारला, त्याचा तिसरा खंड अपुराच राहिला, आणि तिन्ही खंडांची एकत्र आवृत्ती १४९५ मध्ये त्याच्याच जहागिरीच्या गावी, स्कान्दियानोला निघाली. तिचीही प्रत शिल्लक नाही. तीन आवृत्त्यांतून मिळून एक पुस्तक. ‘मोर्गांते’चीही १४७८ च्या सुमाराची एक आवृत्ती अशीच गेली आहे. जी पुस्तके सर्वांत जास्त वाचली गेली तीच सर्वांत कमी उरली, कारण ती मठांच्या कपाटांत साखळीने बांधून ठेवलेली नव्हती. ती मुलांच्या, कारागिरांच्या आणि सैनिकांच्या हातांत होती.

मराठी वाचकाला हे दुःख अनोळखी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६, १६४९ आणि १६५४ मध्ये छापले गेले, आणि त्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकाही छापील प्रतीचा आज पत्ता नाही. काव्य जगले ते हस्तलिखितांतून.

हरवलेल्या आवृत्तीची नोंद करताना पुरावा कोणत्या जातीचा आहे, ते लिहावे. छपाईच्या कराराची नोंद, कागदाच्या खरेदीची नोंद, नंतरच्या आवृत्तीने जुन्या आवृत्तीची जशीच्या तशी उतरवलेली तारीख आणि जुन्या सूचीकाराचे ‘मी पाहिली’ हे विधान, यांची विश्वासार्हता सारखी नाही. एकोणिसाव्या शतकात गाएतानो मेल्त्सी यांनी इटालियन वीरकथांची मोठी सूची केली. ती आजही उपयोगी आहे, पण अशा जुन्या सूच्यांत न पाहता लिहिलेल्या, मुळात कधीच न निघालेल्या आवृत्त्याही शिरलेल्या असतात. वर्ष वाचण्यातल्या एका चुकीतून, किंवा वर उल्लेखलेल्या फ्लोरेन्सच्या पंचांगातून, एका आवृत्तीच्या दोन होतात. दोन नोंदींत गाव, छापणारा, दिवस आणि महिना तोच असून वर्षात नेमका एकाचा फरक असेल, तर बहुधा त्या दोन नसतात.

उरलेल्या एकमेव प्रती पुष्कळदा अनपेक्षित ठिकाणी सापडतात. कोलंबसचा मुलगा फेर्नांदो कोलोन हा पुस्तकवेडा होता. इटलीत फिरताना त्याने वीरकाव्यांची स्वस्त पुस्तकेही घेतली, आणि प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी ते कुठे, केव्हा, किती पैशांना घेतले आणि त्या वेळी सोन्याचा दुकात किती नाण्यांना होता, हे लिहून ठेवले. त्याच्या संग्रहातला उरलेला भाग आज स्पेनमधल्या सेव्हियाच्या कोलोम्बिना ग्रंथालयात आहे. एखाद्या तारीख नसलेल्या पुस्तकावर त्याच्या हातची खरेदीची तारीख असेल, तर ते पुस्तक त्याआधी छापले गेले एवढे तरी पक्के होते. इटालियन पुस्तकाचा शोध इटलीतच थांबवू नये, हेही यातून शिकण्यासारखे आहे.

सूच्या कोणत्या क्रमाने पाहाव्यात

१५०० अखेरपर्यंतच्या पुस्तकांना दोलामुद्रिते म्हणतात, छपाई पाळण्यात असतानाची पुस्तके. त्यांच्यासाठी आधी ब्रिटिश लायब्ररीने उभारलेली आयएसटीसी ही संक्षिप्त सूची पाहावी. तिथे जगातल्या कोणत्या ग्रंथालयात प्रत आहे ते कळते. नंतर बर्लिनच्या जीडब्ल्यू या सूचीत फर्म्यांचे आणि खिळ्यांचे सविस्तर वर्णन पाहावे. तिथे खिळ्यांचा आकार वीस ओळींची उंची मिलिमीटरमध्ये मोजून दिलेला असतो. पुष्पिका नसलेले पुस्तक कोणत्या छापखान्याचे, हे त्या मापावरून आणि अक्षरांच्या घडणीवरून ठरवतात. १५०१ ते १६०० साठी रोमची एडिट-सिक्स्टीन ही सूची आहे. तिच्या नोंदीत ठरलेल्या चार पृष्ठांच्या शेवटच्या ओळींतून घेतलेली अक्षरे ‘इम्प्रोन्ता’ म्हणून दिलेली असतात. आपल्या प्रतीतून ती अक्षरे काढून ताडली की मुखपृष्ठ नसले तरी उत्तर मिळू शकते. शोधताना काव्याचे एकच नाव घालून थांबू नये. बोइयार्दोचे काव्य ‘इनामोरामेन्तो दे ऑर्लांदो’ या नावाखालीही नोंदलेले असते.

चित्रांवरून निष्कर्ष काढण्याचा मोह मात्र आवरावा. लढाईचा एक लाकडी ठसा एका छापखान्यातून दुसऱ्याकडे विकला जाई आणि तीस वर्षांनी वेगळ्याच काव्यात वेगळ्याच वीराचे नाव घेऊन येई. ठशातली भेग किंवा किडीने पाडलेले भोक वाढत गेलेले दिसले, तर कोणती छपाई आधीची हे त्यावरून सांगता येते, एवढाच त्याचा भरवशाचा उपयोग.

शेवटी वहीतली नोंद कशी दिसावी, ते १५३२ च्याच उदाहरणाने लिहून दाखवतो. काव्य: ऑर्लांदो फुरिओसो, सेहेचाळीस सर्ग. गाव: फेर्रारा. छापणारा: फ्रान्चेस्को रोस्सो दा व्हालेन्सा. तारीख: १ ऑक्टोबर १५३२, पुष्पिकेवरून. घडी: चारपानी. फर्मे: मोठी अक्षरे तेवीस, लहान आठ, प्रत्येकी आठ पाने, एकूण २४८. मांडणी: दोन रकाने, रकान्यात चाळीस ओळी. पहिल्या फर्म्याचा आतला ताव: जुना की नवा, हे पाहून लिहावे. प्रत: ग्रंथालयाचे नाव, तिथला क्रमांक आणि आपण ती ज्या दिवशी पाहिली तो दिवस.